पैसे दिले, सुटलो?

आमच्या घरापासून कचरा टाकायची जागा साडेसहा मैलांवर आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या उत्तर भागातल्या एका खेडवळ काउंटीत आम्ही राहतो. दोन घरांमध्ये कुठे शेत, कुठे पाईनचं रान. इथे घंटागाडी येत नाही. एवढ्या विरळ वस्तीत प्रत्येक दारापर्यंत गाडी फिरवणं काउंटीला परवडत नाही. त्याऐवजी काउंटीने जागोजागी कुंपण घालून छोटी मैदानं केली आहेत. घरपट्टीच्या बिलातच वर्षाचं कचराशुल्क येतं, ते भरलं की गाडीच्या काचेला लावायला एक स्टिकर मिळतो. स्टिकर दाखवायचा आणि आपला कचरा आपल्या हाताने टाकायचा.

आत गेलं की कळतं, 'कचरा' असा एकच पदार्थ जगात नसतो. पुठ्ठा एकीकडे, काच दुसरीकडे. ॲल्युमिनियमचे डबे कचराभूमीत पुरायला या राज्यात बंदी आहे. प्लास्टिकच्या बाटल्यांवर २००९ पासून, टीव्ही आणि कॉम्प्युटरवर २०११ पासून. टायर, गाडीतलं जुनं तेल, बॅटऱ्या, फ्रिज, सगळ्यांच्या जागा वेगळ्या. परसात पालापाचोळा जाळता येतो, पण घरचा कचरा जाळणं बेकायदा. मैदानाच्या दाराशी खुर्ची टाकून एक वयस्कर गृहस्थ बसलेले असतात. आठवड्यातले दोन दिवस मैदान बंद, आणि इतर दिवशीही संध्याकाळी सहाला कुलूप लागतं.

सुरुवातीला मला हे सगळं जड गेलं. अंतर हे कारण होतंच, पण खरं कारण वेगळं होतं आणि ते कबूल करायला मला वेळ लागला. मी पुण्यात वाढलो. रात्री बादली दाराबाहेर ठेवायची आणि सकाळी ती रिकामी असायची, यापलीकडे कचऱ्याशी माझा संबंध आला नव्हता. ती रिकामी करणाऱ्या मावशींचं नाव मला ठाऊक नव्हतं. घाणीला हात कोणी लावायचा हे आपल्याकडे जन्मावरून ठरत आलं, आणि माझा जन्म बादली बाहेर ठेवणाऱ्यांत झाला. तेव्हा चाळिशीत पहिल्यांदा स्वतःच्या गळक्या पिशव्या स्वतःच्या गाडीत घालून नेताना जे वाटलं, ती नुसती किळस नव्हती. 'हे माझं काम नाही' असं माझ्या आत कोणीतरी म्हणत होतं, आणि तो आवाज बराच जुना होता.

काही शनिवारांनंतर तो आवाज मंदावला. उलट थोडा अभिमानच वाटू लागला. आपण नियम पाळतो, वेगळं करतो, धुऊन टाकतो. त्याच अभिमानाच्या भरात असताना ओढ्याची गोष्ट घडली.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक छोटा पूल आहे. मार्चमधल्या एका सकाळी फिरायला गेलो तर पुलाखाली उतारावर सात-आठ काळ्या पिशव्या आणि एक जुना, मागे फुगीर असलेला टीव्ही पडला होता. एक पिशवी कुत्र्यांनी किंवा रॅकूनांनी फाडली होती. आतले कागद ओढ्याच्या काठावर पसरले होते. खाली उतरलो. औषधांच्या दुकानाचा एक लिफाफा उचलला, त्यावर नाव आणि पत्ता होता. नाव आमच्या शेजारच्या आजींचं होतं. रस्त्याच्या शेवटच्या घरात त्या एकट्या राहतात, वय ऐंशीच्या पुढे. इथल्या रीतीप्रमाणे आम्ही सगळे त्यांना 'मिस' लावून पहिल्या नावाने हाक मारतो. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात रताळ्याचा पाय घेऊन त्याच आल्या होत्या.

अमेरिकेतल्या काही राज्यांच्या कायद्यात अशी तरतूद आहे की टाकलेल्या कचऱ्यात ज्याच्या नावाचे कागद सापडतील, त्यानेच तो टाकला असं आधी गृहीत धरायचं. टाकला नसेल तर तसं त्याने दाखवून द्यायचं. आमच्या मैदानाच्या कुंपणावरही एक पाटी आहे: उघड्यावर कचरा टाकताना कोणी दिसलं तर शेरीफच्या कार्यालयाला कळवा. लिफाफा हातात धरून मी पुलावर उभा होतो. फोन करावा की नाही?

करावा, या बाजूने माझ्याकडे भक्कम कारणं होती. हा ओढा पुढे नदीला मिळतो, त्या पाण्यावर खाली लोक राहतात. फुगीर टीव्हीच्या काचेत शिसं असतं. नियम सगळ्यांना सारखा नसेल तर तो नियम राहत नाही. मी साडेसहा मैल जातो, शुल्क भरतो. दुसऱ्याने ते टाळायचं आणि ओळखीचा म्हणून मी गप्प बसायचं, तर माझ्या पाळण्याला अर्थ काय? सगळ्यांनी असंच केलं तर काय होईल, हा नीतीतला जुना प्रश्न कचऱ्याला जितका चपखल लागू पडतो तितका क्वचितच कशाला पडत असेल. त्याचं उत्तर समोरच्या उतारावर पडलेलंच होतं.

पण नियम सारखा असला तरी तो पाळण्याची किंमत सारखी नसते. माझ्याकडे गाडी आहे, शनिवार मोकळा आहे, पाठ धड आहे. आजींनी गाडी चालवणं सोडलं त्याला दोन वर्षं झाली.

ही किंमत कुठून आली हेही पाहायला हवं. दोन पिढ्यांपूर्वी इथल्या प्रत्येक शेताच्या कोपऱ्यात एक घळ असायची. जे जळेल ते पिंपात जाळायचं, जे सडेल ते डुकरांना किंवा मातीला, आणि उरलेलं घळीत. आपल्याकडच्या उकिरड्याचाच हा भाऊ. उकिरडा वाईट नव्हता, कारण त्यात पडणारं बहुतेक सगळं पुन्हा शेतात जायचं. बदलला तो कचरा. प्लास्टिक, रंग, बॅटऱ्या, औषधं आली आणि घळीतून झिरपणारं पाणी विहिरीत उतरू लागलं. अमेरिकेत १९७६ मध्ये घनकचऱ्याचा मोठा केंद्रीय कायदा झाला. त्याखाली १९९१ मध्ये कचराभूमींसाठी कडक नियम आले आणि १९९३ पासून ते लागू होऊ लागले. तळाला अस्तर हवं, झिरपणारं काळं पाणी गोळा करण्याची सोय हवी, भूजल तपासत राहायला हवं, आणि कचराभूमी बंद केल्यावरही तीस वर्षं तिची देखभाल हवी. लहान काउंट्यांना हा खर्च पेलणारा नव्हता. १९८८ मध्ये देशात सुमारे ८,००० कचराभूमी होत्या, २००५ पर्यंत त्यांची संख्या दोन हजारांच्या आत आली. गावाजवळचे उघडे ढीग बंद झाले, आणि कचरा दूरच्या, प्रचंड मोठ्या, सुरक्षित डोंगरांकडे जाऊ लागला.

या नियमांनी विहिरी वाचवल्या. ते नसते तर बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही. पण चांगला नियमसुद्धा कोणाच्या तरी अंगावर पडतोच. योग्य रीतीने टाकणं महाग आणि लांबचं झालं की अयोग्य रीतीने टाकणं तेवढंच स्वस्त आणि जवळचं होतं. शेजारच्या व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल गावाने १९९२ मध्ये कचऱ्याच्या प्रत्येक पिशवीमागे ८० सेंट आकारायला सुरुवात केली. डॉन फुलर्टन आणि थॉमस किनामन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या ७५ घरांचा कचरा आधी आणि नंतर मोजला. पिशव्यांचं आकारमान ३७ टक्क्यांनी घटलं, वजन मात्र १४ टक्क्यांनीच. म्हणजे बराचसा फरक लोकांनी कचरा दाबून दाबून भरल्यामुळे पडला होता. शिवाय जेवढी घट दिसली, तिच्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग बहुधा बेकायदा इकडेतिकडे टाकला गेला असावा, असा त्यांचा अंदाज होता. किंमत लावली की माणूस विचार करतो हे खरं. पण कसला विचार करतो, ते किंमत ठरवत नाही.

मी फोन केला नाही. लिफाफा खिशात घातला आणि आजींच्या घरी गेलो.

काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण बोलावं लागलं नाही. लिफाफा पाहून त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला. त्या म्हणाल्या, "पण मी तर पैसे दिलेत." एक ओळखीचा पोरगा पिकअप घेऊन महिन्यातून एकदा यायचा, पिशव्या न्यायचा, आणि त्या त्याला दहा डॉलर द्यायच्या. जुना टीव्ही नेण्याचे वरचे वीस. दीड वर्ष हे चाललं होतं. त्यांचा स्टिकर त्याच्या गाडीवर नव्हता, तेव्हा मैदानावर त्याला आत सोडत होते की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. कोण विचारतं? त्याचं नाव त्यांनी मला सांगितलं नाही. "त्याचं सध्या फार वाईट चाललंय," एवढंच म्हणाल्या.

तेव्हा मला दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की लिफाफा फक्त मालकी सांगतो, कृत्य सांगत नाही. मी फोन केला असता तर आधी संशय आजींवर आला असता, आणि मी नियम पाळल्याच्या समाधानात घरी गेलो असतो. दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी होती. 'मी पैसे दिलेत' हे वाक्य ऐकताक्षणी मला पटलं, कारण ते माझंही वाक्य होतं.

आमच्यापासून फार लांब नाही अशी वॉरन नावाची एक काउंटी आहे. पैसे देऊन मोकळं होण्याची गोष्ट तिथे फार मोठ्या प्रमाणावर घडली. १९७६ नंतर पीसीबी नावाच्या विषारी रसायनावर कडक नियम आले. जुन्या ट्रान्स्फॉर्मरमधल्या तेलात हे रसायन असायचं आणि त्याची कायदेशीर विल्हेवाट खर्चिक झाली. राली शहरातल्या एका कंपनीकडे असं तेल साठलं होतं. १९७८ च्या उन्हाळ्यात तिच्या कंत्राटदाराने ट्रकचा नळ उघडा ठेवून रात्री-अपरात्री ते रस्त्यांच्या कडेला सोडून दिलं. सुमारे ३१,००० गॅलन तेल, १४ काउंट्या, २४० मैल रस्ता. कंत्राटदार तुरुंगात गेला. कंपनीच्या मालकालाही न्यायालयाने दोषी ठरवलं, कारण आपलं तेल कुठे चाललंय हे त्याला ठाऊक होतं. कंत्राट दिल्याने तो सुटला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. रस्त्याकडेची विषारी माती खरवडून कुठेतरी पुरायला हवी होती. राज्याने त्यासाठी वॉरन काउंटीतलं ॲफ्टन हे ठिकाण निवडलं. राज्यातल्या अत्यंत गरीब काउंट्यांपैकी ही एक, आणि वस्ती बहुसंख्य कृष्णवर्णीयांची. लोक न्यायालयात हरले. सप्टेंबर १९८२ मध्ये मातीचे ट्रक येऊ लागले तेव्हा माणसं रस्त्यावर आडवी झाली. सहा आठवड्यांत पाचशेहून जास्त अटका झाल्या. ट्रक थांबले नाहीत. पण या लढ्यामुळे देशात एक प्रश्न विचारला जाऊ लागला: घातक कचरा नेमका कोणाच्या दाराशी जातो? १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. अशा जागा कुठे आहेत हे सांगणारा सगळ्यात ठळक घटक तिथल्या लोकांचा वर्ण आहे, असं तीत दिसून आलं. ॲफ्टनची माती निर्विष करण्याचं काम पूर्ण व्हायला २००३ साल उजाडलं.

मला पुणं आठवलं. आमची बादली रिकामी व्हायची, तिच्यातलं फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या कचरा डेपोत जायचं. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, ढिगांना आगी लागल्या, गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. त्या दिवसांत शहरात कचरा साठला की आम्ही नाक दाबून वैतागायचो, 'या गावकऱ्यांना झालंय तरी काय' म्हणून. आम्ही महापालिकेचा कर भरत होतो. आजी म्हणाल्या तेच आम्हीही म्हणत होतो, फक्त आम्हाला कोणी लिफाफा आणून दाखवला नाही. दृष्टीआड सृष्टी ही म्हण आपण बेफिकिरीबद्दल वापरतो. कचऱ्याच्या बाबतीत मात्र ती व्यवस्थाच आहे. कर भरतो तो बऱ्याच अंशी ती सृष्टी दृष्टीआड राहावी म्हणूनच.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक गोष्टीचा शेवटपर्यंत माग काढायचा म्हटलं तर जगणं अशक्य होईल. कामं वाटून घेतल्याशिवाय समाज चालत नाही. मी डॉक्टरला पैसे देतो तेव्हा वैद्यकशास्त्र शिकायला जात नाही. मग कचरा नेणाऱ्याच्या मागोमाग का जावं? हा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही, आणि खोडायची गरजही नाही. काम दुसऱ्याकडे सोपवण्यात गैर काही नाही. पण डॉक्टरने चूक केली तर भोगावं मला लागतं, म्हणून मी आपोआप लक्ष ठेवतो. कचरा नेणाऱ्याने चूक केली तर भोगतो तिसराच कोणी तरी, ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणारा. व्यवहार दोघांचा आणि परिणाम तिसऱ्यावर, अशा ठिकाणी पैशाने व्यवहार पुरा होतो, जबाबदारी पुरी होत नाही. ती कशाने पुरी होते? माझ्या मते निदान एका प्रश्नाने: 'हे कुठे नेतोस?'

हा प्रश्न विचारण्याचं ओझंही सगळ्यांवर सारखं नाही. रालीतल्या कंपनीला माहीत होतं. पुण्यातल्या आम्हा लोकांना माहीत करून घेता आलं असतं, वर्तमानपत्रात येत होतं. ऐंशी वर्षांच्या एकट्या बाईला ते शोधून काढणं जवळजवळ अशक्य होतं. ज्याला जितकं कळू शकतं आणि जितकं करता येतं, तितकं त्याने बांधील असावं. कायदा लिफाफा बघतो, कारण त्याला काहीतरी हातात धरावंच लागतं. शेजाऱ्याने मात्र लिफाफ्यापलीकडे बघायला हवं, कारण त्याला दार ठोठावता येतं.

नंतरच्या शनिवारी मी मैदानावरच्या गृहस्थांना विचारलं, आपण इथे वेगळं करतो ते पुढे कुठे जातं? ते म्हणाले, "गाडी येते, घेऊन जाते." चेष्टा करत नव्हते, त्यांना तेवढंच सांगितलेलं होतं. चीनने २०१८ मध्ये आयात होणाऱ्या रद्दी-प्लास्टिकवर जवळपास बंदीच घातली आणि भेसळीची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली, तेव्हा अमेरिकेतल्या कित्येक गावांना कळलं की आपण मन लावून वेगळं करत होतो ते समुद्रापलीकडे जात होतं. काहींनी वेगळं करणंच बंद केलं. मी ज्याचा अभिमान बाळगून होतो ते धुतलेले डबे नेमके कुठे जातात हे मलाही ठाऊक नव्हतं. काउंटीच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. पुठ्ठा आणि डबे कुठे जातात याचं नीट उत्तर आलं. काचेबद्दल मात्र, खरेदीदार मिळेपर्यंत ती साठवली जाते, एवढंच.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. लहानपणी आम्हाला सांगितलं जायचं की यातून स्वच्छतेचा धडा घ्यायचा. आता वाटतं, तो क्रम जास्त महत्त्वाचा होता. ज्याने घाणीला हात लावलाय त्याने गावाला चार शब्द सुनवावेत. बादली बाहेर ठेवणाऱ्याने नव्हे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे कचरावेचकांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. तेव्हा कदाचित पहिल्यांदा शहराला समोर उभं राहून कोणीतरी विचारत होतं, 'ताई, ओला-सुका वेगळा केलाय का?' तो प्रश्न अनेकांना उद्धटपणा वाटला होता. आमच्या घरातही वाटला होता.

ओढ्यातल्या पिशव्या मी आणि माझ्या मुलाने दोन फेऱ्यांत उचलल्या. टीव्ही वेगळ्या कोपऱ्यात दिला. मुलाने विचारलं, "आपण का उचलायचं? आपण थोडंच टाकलंय?" मी म्हटलं, ओढा आपलाही आहे. उत्तर बरोबर होतं, पण पुरतं नव्हतं.

त्या पिकअपवाल्या पोराबद्दल मी कोणाला काही कळवलं नाही. तो दुसऱ्या कुठल्या पुलाखाली टाकत असेल तर त्यात माझाही वाटा आहे, हे मला माहीत आहे. आजींच्या विनंतीला मान दिला की निव्वळ अवघड काम टाळलं, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. काउंटीला मात्र दुसरं पत्र लिहिलं: ज्यांना गाडी चालवता येत नाही अशा वृद्धांसाठी महिन्यातून एक फेरी करा, आणि एक मैदान रविवारी दुपारी उघडं ठेवा. त्याचं उत्तर अजून यायचंय.

तोवर शनिवारी सकाळी आजींच्या दारातल्या दोन पिशव्या आमच्या गाडीत येतात. पहिल्या वेळी त्यांनी दहाची नोट पुढे केली. मी घेतली नाही. त्या म्हणाल्या, "मग निदान नेतोस कुठे ते तरी दाखव." पुढच्या शनिवारी त्या गाडीत पुढच्या सीटवर बसून आल्या. काचेच्या पेटीत त्यांनी स्वतःच्या हाताने लोणच्याच्या तीन बरण्या टाकल्या आणि खुर्चीतल्या गृहस्थांना विचारलं, "ही काच कुठे जाते रे?"